एकोणीस माळा

वर्षप्रतिपदेला आमच्या घरी एक रीत पाळली जात असे, आणि ती वडिलांपासून चालत आलेली होती. गुढी उभी राहिली, कडुनिंबाची पाने खाऊन झाली, पंचांगातले वर्षफळ वाचून झाले, की घरातल्या कर्त्या पुरुषाने देवापुढे बसावे आणि सरल्या वर्षात आपल्या हातून जे चुकले ते देवाला सांगावे. ते सांगितल्यावाचून नव्या वर्षाच्या नेमाचा संकल्प सोडायचा नाही. वडील हे काम दोन-चार साध्या वाक्यांत उरकीत. मी वाईला दहा वर्षे संस्कृत पढून आलेला. मला तेवढ्याने समाधान नसे. आपल्या चुका मी श्लोकांत बांधी. फाल्गुन संपत आला की मनात शब्दांची जुळवाजुळव सुरू होई, आणि एखादा क्रोधाचा किंवा आळसाचा प्रसंग छंदात नीट बसला म्हणजे मला चक्क आनंद होई. छंदात बसवलेला अपराध हलका लागतो, हे मला फार उशिरा उमगले.

माझे कुटुंब त्या वेळी माझ्या मागे हात जोडून बसलेले असे. तिला त्यातले अक्षर कळत नसे. माझे थांबले की ती विचारी, "झालं का? पान वाढू?"

मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली त्याच्या दोन वर्षे आधी जय नावाचे संवत्सर लागले. त्या वर्षाची ही हकीकत आहे. ती मी श्लोकांत सांगू शकलो नाही, आणि आता लिहितानाही ती मला सोपी जात नाही.

आम्ही तेव्हा गिरगावात एका वाडीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागल्या दारी विहीर आणि विहिरीभोवती नारळीची झाडे. दोघी मुली लग्ने होऊन कोकणात गेलेल्या. घरात आम्ही दोघे, एक मांजर आणि एक पोपट. मांजर राखी पट्ट्यांची होती, छाती तेवढी पांढरी. एका श्रावणात ती आपण होऊन आली आणि कुटुंबाच्या पदराशी राहिली. मागल्या दाराच्या उंबऱ्याशी एक नारळाची करवंटी ठेवलेली असे. तिच्यात सकाळ-संध्याकाळ दूध पडे. पोपट मात्र माझा. त्याला मी रामनाम शिकवले होते, आणि लहर लागली तर तो ते म्हणेही. पण त्याला उत्तम साधले होते ते वेगळेच. माझे कुटुंब मांजरीला जशी हाक मारी तशी तो हुबेहूब तिच्या आवाजात मारी: "ये गं बाई, दूध घे." मांजर फसून धावत येई, पिंजऱ्याकडे पाही, रिकाम्या करवंटीकडे पाही आणि शेपटी आपटीत निघून जाई. कुटुंब म्हणे, "तुमच्या शिष्याला खोटं बोलायला कुणी शिकवलं?" मी म्हणे, "त्याचे शिक्षण दोन गुरूंकडे झाले आहे."

त्या पाडव्याला मी गायत्रीच्या चोवीस लक्ष जपाचा संकल्प सोडला. एका वर्षात पुरा करायचा म्हणजे रोज अडुसष्ट माळा. याचे नियम कडक असतात. जागा एक, आसन एक, रोजची संख्या सारखी. जप चालू असता बोलायचे नाही, उठायचे नाही. अन्न साधे, स्वतः शिजवलेले किंवा सोवळ्यात शिजवलेले. आणि सत्य बोलायचे. एक दिवस जरी खंड पडला तरी मागचे सगळे व्यर्थ, पुन्हा पहिल्यापासून.

"रोज अडुसष्ट?" कुटुंब म्हणाले. "गुडघे काय म्हणताहेत आपले?"

"गुडघ्यांना कोण विचारतो."

"बरं. मग तुमचा संकल्प मांजरीलाही नीट सांगून ठेवा, म्हणजे ती लांब राहील."

तिने हे हसत म्हटले होते. पण मांजर लांब राहिली नाही. माझे आसन म्हणजे लोकरीची धाबळी. तिच्यावर उन्हाची तिरीप येई, आणि ती जागा माझ्या आधीपासून मांजरीची होती. मी माळ घेऊन बसलो की ती येऊन मांडीला पाठ लावून निजे. मी उठे, विहिरीवर जाऊन पुन्हा स्नान करी, ओले नेसून पुन्हा पहिल्या माळेपासून सुरुवात करी. एकदा आषाढात मला असे तीनदा न्हावे लागले, आणि जप संपेपर्यंत दिवेलागण झाली.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मांजराच्या स्पर्शाने विटाळ होत नाही. वारा जसा कुणालाही लागून शुद्धच राहतो तसे मांजर, असे स्मृतिवचन आहे. ते मला मुखोद्गत होते. पुराण सांगताना मी ते कितीदा तरी लोकांना सांगितले होते. पण ज्याला शुद्धतेचा अभिमान चढला त्याला सोयीची वचनेही गैरसोयीची वाटू लागतात. मला मांजरीचा विटाळ नव्हता, मला तिचा राग येत होता. रागाला मी सोवळे म्हणत होतो.

मार्गशीर्षात कुटुंबाच्या भावाच्या मुलीचे पेणला लग्न निघाले. ती दहा दिवसांसाठी गेली. निघायच्या सकाळी मी आसनावर होतो, मौनात. ती देवघराच्या दाराशी आली, हातात गाठोडे घेऊन, आणि बरेच काही बोलली. मी माळ ओढीत मान हलवली, "हूं" म्हटले. तिने विचारले, "ऐकलंत ना नीट?" मी पुन्हा "हूं" म्हटले. मग ती गेली. तिच्या बोलण्यातले माझ्यापाशी एवढेच उरले की पोपटाला पेरू आणि मांजरीला दूध.

चार दिवस मी दूध घातले. पाचव्या दिवशी विसरलो. सहाव्या दिवशी आठवण झाली तेव्हा मी सोवळ्यात होतो. करवंटीला हात लावायचा म्हणजे पुन्हा स्नान. मी म्हटले, वाडीत उंदीर थोडे आहेत का. त्यानंतर मांजर फार त्रास देऊ लागली. एरवी ती गप्प येऊन निजे, आता ती समोर बसून ओरडे. धोतराला नखे लावून ओढी. काही पावले मधल्या खोलीकडे जाई, मागे वळून माझ्याकडे पाही, पुन्हा ओरडे. मी तिला हातातली पळी फेकून मारली. लागली नाही, पण मारली खरी. तिचे पोट आत गेले होते हे मला दिसले होते. मला वाटले, उपास घडला आहे, दुसरे काय.

आठव्या दिवशी नारळ उतरवायला भंडारी आला. हा माहीमचा. महिन्या-दीड महिन्याने येऊन वाडीतल्या झाडांचे नारळ उतरवून देई. जप नुकताच संपला होता आणि त्या दिवशी मला दोनदा न्हावे लागले होते.

मी त्याला म्हणालो, "अरे, एवढे मांजर घेऊन जातोस का? लांब कुठेतरी सोड. परत येता कामा नये."

"बाईंचं ना हे?" तो म्हणाला. "बाईंनी सांगितलंय?"

मी म्हणालो, "मी सांगतो आहे ना."

त्याने पोते आणले. मांजर त्याच्या हाताला लागेना. ती सारखी घरात पळे. शेवटी मीच मधल्या खोलीचे दार लावून घेतले, मग ती सापडली. पोत्यात घातल्यावर त्याने पोते हाताशी धरून तीनदा गरगर फिरवले; असे केले की मांजराला वाट आठवत नाही म्हणतात. मला ते पाहवले नाही. म्हणून मी म्हणालो, "प्रभादेवीच्या देवळापाशी सोड. देवीच्या सावलीत राहील." हे बोलल्यावर मला बरे वाटले. एखाद्याला घराबाहेर काढताना त्याची सोय आपण देवावर टाकली की मन स्वस्थ होते, याचा तो दाखला.

दुसऱ्या दिवशी घर शांत होते. जप सरळ चालला. उन्हे ओसरीवर आली तेव्हा एकोणपन्नास माळा झाल्या होत्या, एकोणीस उरल्या होत्या. तेव्हा मला आवाज ऐकू आला.

आवाज मधल्या खोलीतून येत होता, पोथ्यांच्या फडताळातून. फार बारीक, ओल्या दोरीवर बोट ओढल्यासारखा. एक थांबे, दुसरा सुरू होई. आणि त्या क्षणी, कुटुंब आठ दिवसांपूर्वी दाराशी उभे राहून जे बोलले होते ते सगळे, शब्दाला शब्द, माझ्या कानांत आले: "ती जड आहे. माझ्या मागे व्याली तर तिला जुनेर अंथरून द्या, आणि दूध जास्त घाला."

म्हणजे मला कळले नव्हते असे नाही. फडताळात काय आहे ते मला पक्के कळले. त्यांची आई कुठे आहे तेही ठाऊक होते. माझे बोट माळेच्या एका मण्यावर थांबले. मग मी विचार केला तो असा: अडुसष्टातल्या एकोणीस राहिल्या आहेत. आज उठलो तर साडेआठ महिने पाण्यात जातील. जप संपवून पाहू. आणि मी पुढचा मणी ओढला.

एकोणीस माळा पुऱ्या झाल्या तेव्हा आवाज थांबला होता. मी फडताळ उघडले नाही. स्वतःला सांगितले, चिमण्यांचे घरटे असेल. जेवलो आणि पडलो.

कुटुंब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. अंगावर लग्नातली नवी चोळी, हातात लाडवांचा डबा. डबा खाली ठेवायच्या आधीच तिने विचारले, "ती कुठेय?"

"कालपासून दिसली नाही," मी म्हणालो.

हे शब्दशः पाहिले तर खोटे नव्हते. मी तिला खरोखरच कालपासून पाहिली नव्हती. सत्याचा नेम मोडू नये इतपत काळजी घेऊन मी खोटे बोललो.

कुटुंबाने मधल्या खोलीत जाऊन कान दिला आणि सरळ फडताळ उघडले. खालच्या फळीवर, पोथ्या बांधायच्या जुन्या रुमालांच्या ढिगात तीन पिल्ले होती. डोळे अजून मिटलेले. एक गार झाले होते. ते तिने तळहातावर घेतले, बराच वेळ धरून ठेवले, मग लग्नात मिळालेल्या नव्या खणात गुंडाळून मागल्या दारी जास्वंदीखाली पुरले. तिथून येताना ती उंबऱ्याशी थांबली.

"कालपासून दिसली नाही म्हणता," ती म्हणाली. "करवंटी तर पाच-सहा दिवसांची कोरडी आहे. तळाला मुंग्यासुद्धा राहिल्या नाहीत."

ती त्यावर आणखी काही म्हणाली असती तर बरे झाले असते. ती आत गेली, फुलवातीचा कापूस काढला, वात वळली, दुधात भिजवून पिल्लांच्या तोंडाशी धरू लागली. दूध हनुवटीवरून ओघळत होते. आत फारसे जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्नान करून आसनावर बसलो. सवयीने बसलो असे म्हणावे, की तिच्या तोंडाकडे पाहायचे टाळण्यासाठी, ते मला सांगता येत नाही. मधल्या खोलीत ती पिल्लांना घेऊन होती. उजाडले. पोपट जागा झाला, पंख झटकले आणि तिच्या आवाजात म्हणाला, "ये गं बाई, दूध घे."

पिल्ले ओरडू लागली. दोन्ही. पोपट पुन्हा म्हणाला, ती पुन्हा ओरडली.

माझी दुसरी माळ चालू होती. मी ती खाली ठेवली आणि उठलो.

मधल्या खोलीच्या दाराशी जाऊन मी म्हणालो, "मी तिला भंडाऱ्याबरोबर पाठवली. तीन दिवस झाले. माहीमकडे."

"कळलं मला," ती म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "त्याच्या पोत्याचा दोर मागल्या दारी पडलाय."

"शोधून आणतो."

"ही घेऊन जा. ती सापडली तर तिथल्या तिथं पाजील. तुम्ही आणेपर्यंत ही राहायची नाहीत." तिने फडताळातून नवा रुमाल घेतला, ज्यात मी गायत्रीभाष्याची पोथी बांधीत असे, पोथी सोडून बाजूला ठेवली, रुमालात दोन्ही पिल्ले घालून गाठ सैल बांधली. मग एकदम माझ्या ओल्या सोवळ्याकडे पाहून म्हणाली, "आणि जप?"

"राहू दे," मी म्हणालो.

आठ महिने मी कुठेही जायचे तर पायी जात असे, आगगाडीत कुणाचा स्पर्श होतो म्हणून. त्या दिवशी चर्नी रोडला जाऊन गाडीत बसलो. शेजारी कोण होते ते मला आठवत नाही. मी रुमाल छातीशी धरला होता आणि मधून मधून आत बोट घालून ऊब पाहत होतो.

भंडारी माहीमला एका वाडीत झाडावर सापडला. खालून मी हाक मारली.

"कोन? गिरगावचे भटजी?" वरून आवाज आला. "बाजूला व्हा, नारळ पडंल डोक्यात."

"अरे, मांजर प्रभादेवीला कुठे सोडलीस?"

"प्रभादेवीला नाय सोडली." तो झाडाला मिठी मारून तसाच राहिला. "तुमी सांगितलं खरं. पन देवळात ती खानार काय, भटजी? नैवेद्य पुजारी खातो. मी तिला कोळीवाड्यात सोडली, खाडीपाशी, जिथं मासळी सुकते तिथं. म्हटलं, उपाशी तरी मरायची नाय."

झाडावरच्या त्या माणसाने तिच्या पोटाचा विचार केला होता. मी तिला देवीवर सोपवली होती. मी खाडीकडे वळलो.

कोळीवाड्याच्या तोंडाशी बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते. तिथल्या वासाच्या आत मी जन्मात कधी पाऊल टाकले नव्हते. एक पोक्त कोळीण बसून टोपल्यातली सुकट निवडीत होती. माझे सोवळे, शेंडी, भस्माचे पट्टे आणि हातातला पोथीचा रुमाल पाहून ती हात थांबवून बसली.

"वाट चुकले काय, भटजी? का बोंबील पायजेत?"

"बाई, एक राखी मांजर, पट्ट्यांची. छाती पांढरी. तीन दिवसांपूर्वी एका भंडाऱ्याने इथे सोडली."

"हा, ती. ती तुमची?" ती म्हणाली. "मी म्हटलं, हे कुनाचं सोवळ्यातलं मांजर. तिच्याम्होरं ताजी मांदेली टाकली, तर हुंगून बाजूला झाली. दिसभर त्या रस्त्याकडं तोंड करून वरडली. दुसऱ्या दिशी दिवेलागणीला निघून गेली. तिकडं." तिने हात केला तो दक्षिणेकडे, ज्या बाजूने मी आलो होतो तिकडे.

मी तिथेच खाली बसलो. रुमालात हालचाल झाली. तिने विचारले, "त्यात काय हाय?" मी गाठ सोडली.

तिने पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "पोरं घरी आनि आईला पोत्यात," एवढेच ती म्हणाली.

"मला ठाऊक नव्हते," मी म्हणालो. आणि ते म्हणताना मला एकोणीस माळा आठवल्या.

ती उठली. कुडाच्या मागे फाटक्या जाळ्यांचा ढीग होता. त्यात तिची मांजर चार पिल्लांना घेऊन निजली होती. कोळीण म्हणाली, "तशी ठेवली तर फाडून टाकील. वास एक करावा लागतो." तिने मासे धुतलेले पाणी एका मडक्यातून वाटीत घेतले. "धरा."

मी माझी पिल्ले दोन तळहातांत धरली आणि तिने ते पाणी बोटांनी त्यांच्या अंगाला चोळले, डोक्यापासून शेपटीपर्यंत, जशी तेल लावून न्हाऊ घालावीत तशी. पाणी माझ्या मनगटांवरून कोपरापर्यंत वाहत होते. मग तिने आपल्या मांजरीच्या पिल्लांनाही तेच चोळले, आणि सहाच्या सहा एकत्र मिसळून जाळ्यांत ठेवली. मांजरीने एकेकाला हुंगले. माझ्या एका पिल्लाशी ती थांबली. मग तिने त्याला चाटले.

थोड्या वेळाने दोन्ही प्यायला लागली.

कोळीण म्हणाली, "हात धुवायला पानी देऊ? आमचं चालंल?"

तिने टोमणाच मारला होता. मी दोन्ही हात पुढे केले. ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग तिने तांब्या आणून पाणी घातले.

परत येताना मी गाडीत बसलो नाही. मांजर पायी निघाली होती, तेव्हा ती रस्त्यानेच गेली असणार. माहीमहून प्रभादेवी, तिथून परळ, लालबाग, भायखळा. प्रत्येक ठिकाणी मी दारात बसलेल्या माणसांना विचारीत आलो. परळला भाताच्या तणसाच्या गंजीखाली एक राखी मांजर दिसली. ती वेगळी निघाली. लालबागेत कुणी म्हणाले, काल सकाळी एक मांजर गिरणीच्या भिंतीवरून गेली, पाय लंगडत होता. पुढे कुणालाही काही ठाऊक नव्हते. घरी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. कुटुंब दारात उभे होते. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून तिने डोळे मिटले, आणि मी सगळे सांगितल्यावर उघडले.

"माशांचा वास येतोय तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"न्हाणीत पाणी तापवलंय."

जप मोडला होता. त्या वर्षी मी तो पुन्हा धरला नाही. मात्र दर आठवड्याला माहीमला पायी जाई आणि येई, जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने पाहत. मांजर मिळाली नाही. गिरगावपासून किती अंतरावर ती थांबली हे मला कधीच कळले नाही. कुटुंब रोज सकाळी करवंटी धुऊन उंबऱ्याशी ठेवी. दूध घालीत नसे, फक्त धुऊन ठेवी.

दोन पिल्लांतले एक पौषात गेले. दुसरे तगले, पट्ट्यांचे, पांढऱ्या छातीचे. फाल्गुनात कोळणीने ते माझ्या रुमालात घातले आणि म्हणाली, "न्या आता. पन ताकभातावर ठेवाल तर शिव्या देईल तुमाला. मासळीची सवय झालीय." घरी आणल्यावर पोपटाने त्याला पाहिले आणि कुटुंबाच्या आवाजात हाक मारली. पिल्लू करवंटीपाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी करवंटीत दूध पडले.

मग पाडवा आला. गुढी उभी राहिली, कडुनिंब खाऊन झाला. मी देवापुढे बसलो. कुटुंब मागे बसले. फाल्गुनभर मी श्लोक रचू पाहिले होते. तीन जमले होते. पोते त्यांत बसले, पळी बसली, पेणहून आल्यावरचे माझे उत्तरही बसले. एकोणीस माळा बसल्या नव्हत्या, आणि मला कळून चुकले की मी त्या बसवू पाहतच नव्हतो. देवाला संस्कृत कळते. त्याला सांगणे म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगणे. जिला ठाऊक नव्हते ती माझ्या मागे हात जोडून बसली होती.

मी देवाकडे तोंड ठेवूनच, पण आपल्या रोजच्या भाषेत बोलू लागलो. कसा बोललो ते चांगले नव्हते. वाक्ये तुटत होती. मी म्हणालो, निघताना हिने जे सांगितले ते मी ऐकले नव्हते, नुसते हूं म्हटले होते. म्हणालो, दूध मी विसरलो, आणि आठवल्यावरही घातले नाही. म्हणालो, तिने आत पळू नये म्हणून मधल्या खोलीचे दार मीच लावले. आणि मग म्हणालो, "दुसऱ्या दिवशी मला पिल्लांचा आवाज आला होता. ती काय आहेत हे मला कळले होते. जप राहिला होता म्हणून मी उठलो नाही. जे एक गेले ते तेव्हा जिवंत होते."

मागून तिने विचारले, "किती माळा उरल्या होत्या?"

"एकोणीस."

"एकोणीस," ती म्हणाली.

तिने मला क्षमा केली की नाही हे मी तेव्हा विचारले नाही आणि नंतरही नाही. ती उठून मागल्या दारी गेली. जास्वंदीपाशी बराच वेळ उभी होती. मला ती खिडकीतून दिसत होती. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मी तोवर संकल्पाचे पाणी हातात धरून तसाच बसलो होतो, कारण काय संकल्प करावा ते मला सुचत नव्हते. पिल्लू येऊन माझ्या धाबळीवर बसले होते.

"सांडतंय पाणी," ती म्हणाली.

"कोणता नेम धरू?"

"तो तुमचा तुम्ही ठरवा. मी पान वाढते."

मी पाणी ताम्हनात सोडले. मोठ्याने काही म्हटले नाही. चोवीस लक्षांचा जप मी पुढे कधी केला नाही. रोज झेपतील तेवढ्या माळा आधी ठरवून करतो, आणि त्यातही एक गोष्ट शास्त्राला सोडून करतो. पुष्कळ माळा झाल्या आणि एकोणीस उरल्या, की मी माळ खाली ठेवून आसनावरून उठतो. मधल्या खोलीत जातो, फडताळ उघडतो, मागल्या दारी करवंटीत पाहतो. थोडा वेळ उभा राहून कान देतो. मग हात धुऊन पुन्हा बसतो.